भाड्याचं घर कोंदट, भिंतींना बुरशी आणि घरमालक म्हणतात चूक तुमचीच. जबाबदारी नक्की कुणाची?

श्रावणी_क

नमस्कार, जरा मोठं लिहितेय पण पूर्ण वाचून मग सांगा, कारण आता काय करावं तेच सुचेनासं झालंय. आठ महिन्यांपूर्वी आम्ही या घरात आलो, दुसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बघायला आलो तेव्हा नुकताच रंग दिलेला होता, सगळं कसं स्वच्छ, थोडा वास येत होता तो रंगाचाच असेल म्हणून सोडून दिलं. दोन महिने झाले नाहीत तोवर बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला वर कोपऱ्यात काळे ठिपके यायला लागले. पुसले की आठवड्यात परत हजर. मग एक दिवस कपाट पुढे ओढलं तर मागची अख्खी भिंत काळीहिरवी, कपाटातल्या बॅगा, चामड्याचा पट्टा, मुलीचे स्वेटर, सगळ्यावर पांढरी बुरशी. मुलगी चार वर्षांची आहे आणि रात्री झोपली की खोकते, आजीकडे चार दिवस राहिली तर खोकला बंद. हे मी दोनदा बघितलंय.

घराची रचना सांगते. बाथरूमला खिडकी नाहीये, वर एक एक्झॉस्ट फॅन आहे तो आवाज भरपूर करतो पण आरसा तासभर धुरकटच राहतो. गॅस गीझर पण आतच बसवलाय त्यामुळे अंघोळ करून बाहेर आलं की वाफेने माझं डोकं जड होतं. स्वयंपाकघराची खिडकी इमारतीच्या डक्टमध्ये उघडायची पण कबुतरं येतात म्हणून घरमालकांनीच तिथे काच पक्की बसवून टाकलीये, आता उघडतच नाही. बेडरूमला एकच सरकती खिडकी, ती अर्धी उघडते. एवढंच.

घरमालकांना फोटो पाठवले तर ते म्हणाले आधीच्या भाडेकरूंची कधी तक्रार नव्हती, तुम्ही कपडे घरात वाळत घालता आणि खिडक्या उघडत नाही म्हणून होतंय, आणि फॅन चालू आहे की, काही मोडलंय का सांगा मी दुरुस्त करतो. आणि घर सोडताना रंगाचा खर्च डिपॉझिटमधून कापणार. माणूस तसा वाईट नाही, नळ गळत होता तर दुसऱ्या दिवशी प्लंबर पाठवला होता, पण या बाबतीत ऐकूनच घेत नाहीत. अ‍ॅग्रीमेंटमध्ये "किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करायची" असं एक वाक्य आहे, बाकी हवा-उजेड याबद्दल काही नाही. खरंच आमची चूक आहे का? आणि नसेल तर त्यांना पटवून कसं द्यायचं?


साइटवरचा_माणूस

ताई, बांधकामावर बरीच वर्षं काढली आहेत, त्या अनुभवावरून सांगतो. कुणाची चूक हे नंतर बघू, पहिलं हे शोधा की पाणी येतंय कुठून. भिंत ओली दिसली की सगळे एकच नाव देतात "ओल", पण तिचे प्रकार वेगळे आणि उपायही वेगळे. पाइप फुटला असेल किंवा बाहेरून झिरपत असेल तर डाग एका जागी येतो, त्याला पिवळसर कड असते, पुट्टीचे पोपडे सुटतात आणि तो पसरत जातो. जमिनीतून चढणारी ओल तळमजल्याला, खालून हात-दीड हात, पांढरे क्षार येतात, तुमचा दुसरा मजला म्हणजे तो विषय नाही. तिसरा प्रकार म्हणजे घरातल्याच हवेतली वाफ गार भिंतीवर जाऊन बसते. तिथे काळे ठिपके येतात, कोपऱ्यात, छताच्या कडेला, कपाटामागे, जिथे हवा हलत नाही तिथे. तुमचं वर्णन वाचून हे तिसरंच वाटतंय.

खात्री करायची तर सोपी युक्ती आहे. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा फूटभर तुकडा घ्या, भिंतीचा तो भाग आधी कोरडा पुसून घ्या आणि चारी बाजूंनी टेप लावून चिकटवा, एक दोन दिवस राहू द्या. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला दव आलं तर पाणी खोलीतल्या हवेतलं आहे, मागच्या बाजूला ओलं झालं तर भिंतीतून येतंय. फोटो काढून ठेवा.

आता कारण. हवा जितकी गरम तितकी ती जास्त वाफ धरते. २५ अंशाची एक घनमीटर हवा साधारण २३ ग्रॅम वाफ धरू शकते, तीच हवा १५ अंशाला आली की १३ च्या आसपास, उरलेलं कुठे जाणार, भिंतीवर, काचेवर. आणि वाफ येते कुठून तर आपण जगतो त्यातूनच येते. झोपलेला माणूससुद्धा श्वासातून आणि अंगातून तासाला चाळीसेक ग्रॅम पाणी हवेत सोडतो, म्हणजे दोन माणसं आठ तास झोपली की अर्ध्या लिटरच्या वर झालं. स्वयंपाकाचा गॅस एक किलो जळला की त्यातून दीड किलोपेक्षा जास्त पाण्याची वाफ निघते, भांड्यातली वाफ वेगळीच. यात तुम्ही काही जगावेगळं करत नाही आहात. घर बांधताना हे धरूनच चालायचं असतं की इथे माणसं अंघोळ करणार, भात शिजवणार, झोपणार, आणि ती वाफ बाहेर जायला वाट ठेवायची असते. ती वाट ठेवलीच नसेल तर भाडेकरू कितीही शहाणा असला तरी बुरशी येणारच, असं माझं स्पष्ट मत आहे.

बुरशीला भिंत टपटपायला लागत नाही, भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली तरी तिला पुरतं. कपाटामागे हेच होतं, खोलीची ऊब तिथवर पोचत नाही आणि भिंत जास्त गार राहते.

फॅनची परीक्षा पण घ्या. टिश्यू पेपरचा एक पदर फॅनच्या जाळीला लावा, फॅन चालू असताना तो चिकटून राहिला पाहिजे, पडला तर फॅन नुसता फिरतोय, ओढत काहीच नाही. दोन कारणं असतात. एक, पुढे पाइप बंद आहे, चेपलाय, किंवा बाहेर नेलेलाच नाही. दुसरं कारण कुणाच्या डोक्यातच येत नाही, की हवा बाहेर जायची तर तेवढीच आत यायला पाहिजे. बाथरूमचं दार खालपासून वरपर्यंत घट्ट बसत असेल तर फॅन ओढणार कुठून? दाराखाली निदान १० मिलिमीटर फट हवी नाहीतर खाली जाळी हवी. ताकद म्हणाल तर बाथरूमच्या फॅनने मिनिटाला निदान ५० घनफूट हवा ओढावी असा अमेरिकेतल्या ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेचा मापदंड आहे, इंग्लंडचे नियम सेकंदाला १५ लिटर म्हणतात, म्हणजे मिनिटाला साधारण ३२ घनफूट, अमेरिकेपेक्षा कमी.


श्रावणी_क

इतकं सविस्तर कुणीच सांगितलं नव्हतं, खूप आभार. टिश्यू लगेच लावून बघितला. पडला. तीनदा लावला, तीनदा पडला. आणि दार अगदी फरशीला टेकून आहे, खाली पत्ता सरकवला तरी जात नाही. फॉइल आज लावलंय, दोन दिवसांनी सांगते.


मीरा_जोग

थांबा थांबा, बाकी सगळं नंतर. श्रावणी, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात गंभीर गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे. खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये गॅस गीझर, बंद दार, न ओढणारा फॅन आणि अंघोळीनंतर डोकं जड होणं. ते वाफेने होत नाहीये असं मला वाटतं आणि कृपा करून आजपासून तो गीझर वापरू नका. पाणी स्वयंपाकघरात तापवा, बादल्या उचला, काहीही करा पण तो लावू नका, आणि मुलीला तर अजिबात त्यात अंघोळ घालू नका.

मी नर्स आहे म्हणून कळकळीने सांगतेय. गॅस जळायला ऑक्सिजन लागतो. बंद खोलीत तो कमी पडायला लागला की गॅस पूर्ण जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. लोकांना वाटतं गॅस सुटला तर वास येईलच, पण तो वास सिलेंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला असतो, जळल्यानंतर जे तयार होतं त्याला तो नसतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट धरतो म्हणजे तुम्ही श्वास घेताय आणि शरीराला ऑक्सिजन मिळतच नाहीये. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, हातपाय गळून जाणं, आणि माणसाला कळायच्या आत तो खाली पडतो. आतून कडी लावलेली असते. आम्ही अशी माणसं आणलेली बघितली आहेत. परत कधी डोकं जड झालं तर लगेच मोकळ्या हवेत या आणि दवाखान्यात जाऊन गॅस गीझरचं आवर्जून सांगा, डॉक्टर रक्त तपासून बघतील, बोटाला लावतात तो नेहमीचा ऑक्सिमीटर यात फसवतो, आकडा चांगला दाखवतो.

अजून एक, वरच्या दादांनी फॅनबद्दल सांगितलं ते बरोबरच आहे पण गीझर आत असताना नुसता जोरदार फॅन बसवणं हा उपाय नाही. दार बंद आणि फॅन जोरात ओढतोय तर तो गीझरचा जळका धूरही खोलीतच मागे खेचू शकतो. गीझर आधी बाहेर मोकळ्या जागी गेला पाहिजे, किंवा विजेवरचा बसवला पाहिजे, किंवा धूर नळीने थेट बाहेर जाईल असा प्रकार हवा. आणि तो तिथे बसवलाय घरमालकांनी तेव्हा हे काम त्यांचंच, यात चर्चेला जागा नाही.


श्रावणी_क

वाचून हातपाय गार पडले. गीझरचा कॉक बंद केला आणि सिलेंडर पण काढून ठेवला. डोकं जड होतं ते मी इतके महिने वाफ वाफ म्हणत होते. यांनाही सकाळी एकदा गरगरलं होतं, तेव्हा आम्ही उपाशीपोटामुळे म्हणून सोडून दिलं. उद्या दोघंही डॉक्टरांकडे जातोय. मीराताई, काय बोलू, थँक्यू.


विनय४५

गीझरचं एकदम मान्य. पण बुरशीच्या बाबतीत दुसरी बाजूही मांडतो, राग मानू नका. मी पंधरा वर्षं भाड्याने राहिलोय आणि बघितलंय की लोक दिवसभर सगळं बंद करून एसी लावतात, फॅनचं बटण दिव्याला जोडलेलं म्हणून कटकट वाटते तर त्याची वायरच काढून टाकतात, जाळीवर बोटभर धूळ, घट्ट पिळलेले नाहीत असे कपडे पलंगभर पसरून ठेवतात. एक मशीनभर कपडे वाळले की दोनेक लिटर पाणी हवेत जातं. मग घरमालकाने काय करायचं? आणि बाहेर पाऊस असताना खिडकी उघडून तरी काय, बाहेरची हवा आधीच ओली. थोडी जबाबदारी राहणाऱ्याची पण आहे की नाही?


साइटवरचा_माणूस

विनयराव, आहे ना, आणि मी ती नाकारत नाहीये. मी याची विभागणी अशी करतो: हवा जायला यायला वाट करून देणं घरमालकाचं काम, ती वाट वापरणं आणि मोकळी ठेवणं भाडेकरूचं काम. खिडकी आहे पण उघडत नाही, फॅन आहे पण लावत नाही, जाळी पुसत नाही, तर तो दोष राहणाऱ्याचा. पण इथे खिडकी काच ठोकून बंद केलीये ती मालकांनी, फॅन ओढत नाही, दाराला फट नाही. "खिडक्या उघडत नाही" म्हणणाऱ्याने आधी उघडणारी खिडकी दिलेली असावी लागते.

पावसाचा मुद्दा मात्र तुमचा अर्धा बरोबर आहे आणि त्यावर लोक फारसं बोलत नाहीत म्हणून लिहितो. बाहेर दमट आणि उबदार हवा, आत एसीने भिंती गार करून ठेवलेल्या, अशा वेळी सताड खिडक्या उघडल्या तर भिंतींना उलट जास्त घाम फुटतो. तेव्हा दिवसभर उघडं ठेवण्यापेक्षा जिथे वाफ तयार होते तिथेच आणि तेव्हाच ती बाहेर काढायची, म्हणजे स्वयंपाक चालू असताना आणि अंघोळीनंतर वीस मिनिटं फॅन, बाथरूमचं दार बंद ठेवून. आणि बाहेर गार असेल तेव्हा समोरासमोरच्या दोन खिडक्या दहा मिनिटं उघडल्या तरी घरातली हवा बदलते. एक स्वस्तातला आर्द्रतामापक घेऊन ठेवा, आकडा ६० च्या खाली राहिला तर उत्तम, रोजच ७० च्या वर असेल तर घराचं काहीतरी चुकतंय. त्याचे रोजचे आकडे लिहून ठेवले तर घरमालकांशी बोलताना तोच सगळ्यात चांगला पुरावा.


घर_दोन_खोल्यांचं

मी घरमालक आहे. हे सगळं वाचत होतो आणि गप्प बसवेना म्हणून लिहितो.

माझ्याकडे अगदी हेच झालं होतं. तीन भाडेकरू, तिन्ही वेळा बुरशी, आणि मी तिघांनाही तेच सांगितलं जे श्रावणीताईंचे मालक सांगतायत. दर वेळी रंग दिला, बुरशीवर नुसता प्रायमर मारून वरून चांगला महागाचा रंग. दुसऱ्यांच्या डिपॉझिटमधून मी पैसेही कापले होते. तिसरं कुटुंब निघून गेल्यावर घर चार महिने रिकामं होतं म्हणून बायको आणि मी काही दिवस तिथे राहायला गेलो, स्वतःच्या घराची कामं चालली होती. दोन माणसं, कपडे बाहेर वाळत, खिडक्या उघड्या, आणि तरी तिसऱ्या आठवड्यात बाथरूमच्या छताला ठिपके. तेव्हा मी फॉल्स सीलिंगची फळी उघडली. एक्झॉस्ट फॅनचा पाइप हातभर पुढे जाऊन तिथेच संपला होता. बाहेरच्या भिंतीला भोकच पाडलेलं नव्हतं. इतकी वर्षं सगळी वाफ त्या छतातच जात होती, वरची लाकडी पट्टी हाताने चुरली जात होती. बांधणाऱ्याने फसवलं हे खरं, पण मी कधी शिडी लावून बघितलं नव्हतं हेही तितकंच खरं. ज्यांचे पैसे कापले होते त्यांना फोन केला, ते परत केले आणि माफी मागितली, त्यांच्या घरी दम्याचं मूल होतं.

काम फार मोठं नव्हतं. भिंतीला भोक पाडून पाइप बाहेर काढला, तोंडाला उघडझाप करणारी झडप लावली म्हणजे बाहेरची हवा आणि पक्षी आत येत नाहीत, बाथरूमच्या दाराला खाली जाळी बसवली, फॅन बटण बंद केल्यावरही पंधरा मिनिटं चालू राहील असा घेतला. बेडरूमला वरच्या बाजूला छोटा झरोका काढला. बुरशी आलेली पुट्टी खरवडून काढली, भिंत पूर्ण वाळू दिली मग रंग. त्यानंतर चार वर्षांत बुरशी आलेली नाही आणि माणसं तशीच अंघोळ करतात, तसाच स्वयंपाक करतात.

कबुतरांसाठी काच ठोकायची गरज नाही हो, जाळी लावा आणि आतून खिडकी उघडती ठेवा. तुमच्या मालकांना माझी ही पोस्ट वाचायला द्या. घरमालकाचं दुसऱ्या घरमालकाने सांगितलेलं पटकन पटतं.


अ‍ॅड_कुलकर्णी_नि

कायद्याच्या बाजूने थोडं. तुम्ही कुठे राहता ते लिहिलेलं नाही आणि भाड्याचा कायदा प्रत्येक ठिकाणचा वेगळा, त्यामुळे कलमं सांगत नाही, ती स्थानिक वकिलाला विचारा. पण तुमच्या मालकांनी जो मुद्दा काढलाय, "काही मोडलंय का सांगा, दुरुस्त करतो", तो नवा नाही, त्यावर मोठे खटले झालेत.

ब्रिटनमध्ये १९८५ साली अपील कोर्टापुढे एक प्रकरण आलं होतं. सरकारी भाड्याचं घर, लोखंडी चौकटीच्या खिडक्या, त्यांना आतून पाणी सुटायचं, कपडे आणि फर्निचर खराब झालं. भाडेकरू हरला. कोर्ट म्हणालं घर राहायला वाईट आहे हे मान्य, पण करार दुरुस्तीचा आहे आणि इथे मोडलेलं तर काहीच नाही, खिडक्या जशा बनवल्या तशाच आहेत. म्हणजे घर मुळातच चुकीचं बांधलं असेल तर मालक सुटला. ही पळवाट बंद व्हायला कितीतरी वर्षं गेली. इंग्लंडमध्ये २०१८ चा कायदा आला, तो मार्च २०१९ पासून लागू झाला, त्यात घर "राहण्याजोगं" असलंच पाहिजे ही अट घराच्या बहुतेक भाडेकरारांत आपोआप धरली जाते, लिहिलेली असो वा नसो. आणि राहण्याजोगं म्हणजे काय याच्या यादीत दुरुस्ती, ओल नसणं, उजेड आणि वायुवीजन हे वेगवेगळे शब्द आहेत. म्हणजे फॅन "चालू" आहे एवढ्यावर मालकाची सुटका होत नाही. भाडेकरूच्याच वागण्याने घर तसं झालं असेल तर मात्र मालक जबाबदार नाही, हेही त्यात आहे, तेव्हा विनयरावांचा मुद्दाही कायद्याने धरलाय.

तिथेच रॉचडेल गावात डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचं एक मूल गेलं. आईवडील बुरशीची तक्रार करत होते आणि त्यांना वरून रंग मारा असं सांगितलं गेलं. २०२२ मध्ये चौकशीचा निकाल आला की मृत्यू घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने श्वसनाच्या आजाराने झाला. त्यानंतर त्या मुलाच्या नावाने ओळखला जाणारा नियम आला, ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सामाजिक गृहसंस्थांना, म्हणजे कमी भाड्याने घरं देणाऱ्या संस्थांना, जिवावरचा धोका असेल तर २४ तासांत आणि गंभीर ओल-बुरशी असेल तर १० कामाच्या दिवसांत तपासणी करावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००९ मध्ये घरातल्या ओल आणि बुरशीवर वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली होती, त्यात इतकी बुरशी चालेल असा कुठलाही सुरक्षित आकडा दिलेला नाही, ती होऊच देऊ नका असंच म्हटलंय. तुमच्या मुलीच्या खोकल्याची नोंद डॉक्टरांकडून लेखी घ्या ती यासाठी.

तुम्ही आत्ता काय करायचं ते सांगतो. फोनवर बोलणं बंद, सगळं लेखी, मेसेज असला तरी चालेल पण शांत भाषेत. तारखेसह फोटो, टिश्यू पडतोय त्याचा व्हिडिओ, फॉइलचा फोटो, आर्द्रतेचे आकडे. पत्रात आरोप करू नका, चार कामं मागा: गीझर हलवणं, फॅनचा पाइप बाहेर काढणं, दाराला जाळी, स्वयंपाकघराची खिडकी उघडती करणं. आणि मुदत द्या. गीझरसाठी मात्र वेगळी ओळ आणि "तातडीने" हा शब्द, त्यात कार्बन मोनॉक्साइड हे नाव स्पष्ट लिहा म्हणजे उद्या कुणाला माहीत नव्हतं म्हणता येणार नाही. "किरकोळ दुरुस्ती" म्हणजे नळाचा वॉशर, बल्ब, दाराची कडी. भिंतीला भोक पाडणं किंवा खिडकी बदलणं भाडेकरूने करायचं नसतंच, उलट परवानगीशिवाय केलं तर तुम्हीच अडकाल. भाडं स्वतःच्या मनाने थांबवू नका, बहुतेक ठिकाणी त्याने बाजू उलटते आणि घर खाली करायला तेच कारण होतं. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापायचे तर नुकसान तुमच्यामुळे झालं हे त्यांना दाखवावं लागेल, आणि तुमच्याकडे इतक्या महिन्यांच्या तक्रारींचे मेसेज असतील तर ते सोपं जाणार नाही.


मीरा_जोग

बुरशी साफ करायची असेल तर कोरड्या ब्रशने घासू नका, सगळी पूड हवेत उडते. मास्क लावा, मुलीला दुसऱ्या खोलीत ठेवा, साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. ब्लीच वापरलं तर त्यात टॉयलेट क्लीनर किंवा दुसरं काहीही मिसळू नका, विषारी वायू होतो. गादीत किंवा मऊ खेळण्यांत बुरशी शिरली असेल तर ती वाचवायच्या मागे लागू नका. आणि मुलीचा पलंग त्या भिंतीपासून आजच लांब करा, कपाटही वीतभर पुढे ठेवा.


श्रावणी_क

अपडेट देते, दहा दिवस झाले.

आधी डॉक्टर. गीझर बंद करून रात्र उलटल्यावर आम्ही गेलो त्यामुळे रक्तात काही सापडलं नाही, पण सगळं ऐकून ते म्हणाले गीझर पुन्हा चालू करायचा नाही आणि तसं कागदावर लिहून दिलं. माझं डोकं तेव्हापासून एकदाही जड झालेलं नाही. मुलगी हॉलमध्ये झोपते, खोकला कमी आहे पण गेला नाहीये.

फॉइल खोलीकडच्या बाजूने ओलं, मागून कोरडं. आर्द्रता सकाळी उठल्यावर बेडरूममध्ये ७८, एकदा ८१.

पत्र लिहिलं, वकीलसाहेबांनी सांगितलं तसंच, चार कामं आणि गीझरची वेगळी ओळ. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी घरमालक स्वतः आले, थोडे चिडूनच. मी काही बोलले नाही, त्यांच्या हातात टिश्यू दिला आणि म्हटलं काका, तुम्हीच लावून बघा. त्यांनी लावला, पडला. परत लावला. मग ते स्टुलावर चढले, जाळी काढली, तर आत पाइप होता पण पुढे बाहेरच्या बाजूने कुणीतरी सिमेंटने बंद केलेला, बहुतेक इमारतीला बाहेरून रंग दिला तेव्हा. खाली उतरून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मुलगी किती वर्षांची आहे विचारलं. मी त्यांना "घर_दोन_खोल्यांचं" यांची पोस्ट फोनवर वाचायला दिली, त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचली.

गीझर काल काढून नेला, विजेवरचा उद्या बसेल. पाइपचं भोक मोकळं झालंय, दाराला जाळी सुताराकडे दिलीये. फॅन लावला की आता टिश्यू चिकटून बसतो, आरसा दहा मिनिटांत साफ. डिपॉझिटचा विषय त्यांनी काढला नाही, मी मेसेजवर लिहून मागितलंय, उत्तर यायचंय. स्वयंपाकघराच्या खिडकीला मात्र अजून तयार नाहीत, म्हणतात कबुतरांचा फार त्रास होतो, नंतर बघू.


घर_दोन_खोल्यांचं

खिडकीचं सोडू नका. स्वयंपाकघरातली वाफ आता त्या एका बाथरूमच्या फॅनवर नाही निघणार. जाळीवाल्याला घेऊन मोजमाप करून घ्या आणि त्यांना खर्चाचा आकडाच दाखवा, माझ्या वेळी मी पण आकडा बघूनच तयार झालो होतो, मनात होता त्याच्या चौथा हिस्सा निघाला. हवं तर माझ्याशी बोलायला सांगा त्यांना, मी बोलेन.